उंदीरबंद

तपासनीस बाईंनी ट्रेलरच्या तळाशी वाकून एका भोकात आपली पेन्सिल घातली. ती सहज आत गेली. त्यांनी ती बाहेर काढली, माझ्याकडे पाहिलं आणि त्याच पेन्सिलीने कागदावर खूण केली.

"जिथून ही जाते, तिथून उंदीर जातो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या भोकाकडे वळल्या.

अशी एकूण तेवीस भोकं निघाली. ट्रेलरला भोकं असू शकतात हे मला तत्त्वतः मान्य होतं. पण ती कुणी माझ्यादेखत मोजावीत, तीही मोठ्याने, आणि शेजारीपाजारी कुंपणापाशी उभे असताना, हे जरा जास्तच झालं. सतराव्या भोकाला शेजारच्या इंजिनियरकाकांनी "अरे वा" म्हटलं, ते मी अजून विसरलेले नाही.

ट्रेलर बाबांचा. मोटारीच्या मागे जोडून न्यायचं, चाकांवरचं एका खोलीचं घर. समोरासमोर दोन बाकं, मध्ये घडीचं टेबल, कोपऱ्यात शेगडी आणि वर कपाटांची रांग. दरवर्षी ते आईला घेऊन डोंगरातल्या तळ्याकाठी आठवडाभर राहायला जायचे. या वर्षीचा आठवडाही त्यांनीच नोंदवून ठेवला होता. मग आठ महिन्यांपूर्वी ते गेले. त्याबद्दल इथे एवढंच पुरे. सांगायचं ते हे, की त्यानंतर आईने कशाचंच नाव काढलं नव्हतं. पुढे ठेवलं की ती खायची, पण घास घेताना तिच्याकडे पाहिलं, की कुणीतरी भरायला दिलेला फॉर्म ती निमूटपणे भरते आहे असं वाटायचं. मग एका सकाळी तळ्याच्या कचेरीचं आठवणपत्र आलं. ते तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मला जायचंय."

आठ महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. तिने चंद्र मागितला असता तरी मी शिडी शोधायला निघाले असते. त्या मानाने उंदीर म्हणजे किरकोळ बाब, असं मला त्या वेळी वाटलं.

अडचण अशी होती, की आदल्या वर्षी एका अस्वलाने मुरंब्याच्या बरणीसाठी कुणाच्या तरी ट्रेलरचं दार उचकटून काढलं होतं. तेव्हापासून वनकचेरीने नियम केला: ट्रेलरमध्ये कुठलंही जनावर शिरू शकत नाही आणि आत अन्नाचा कणही नाही, असा दाखला असल्याशिवाय तळ्याकाठी प्रवेश नाही. तपासणी घरी येऊन होणार, संधी तीनच. तिसऱ्यांदा नापास झालात, तर आठवडा दुसऱ्या कुणाला तरी.

त्याआधी त्या आठवड्याचा परवाना बाबांच्या नावावरून आमच्या नावावर करून घ्यायचा होता. वनकचेरीच्या खिडकीतल्या कारकुनांनी कागद उलटसुलट पाहिले. "अर्जदार स्वतः हजर हवेत."

"ते वारले," मी म्हणाले.

"तसं त्यांनी लेखी कळवलंय का?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मग त्यांनी घसा खाकरून एक फॉर्म पुढे सरकवला. 'अर्जदाराच्या अनुपस्थितीचे कारण' या ओळीपुढे तीन चौकोन होते: आजारपण, प्रवास, इतर. मी 'इतर'वर खूण केली. कारकुनांनी शिक्का जरा हळूच मारला.

तर तेवीस भोकं. शिवाय तपासनीस बाईंनी एक यादी दिली. अस्वलाच्या दृष्टीने अन्न म्हणजे काय, याची. तीत धान्य, फळं वगैरे होतंच, पण साबण, टूथपेस्ट, मेणबत्त्या, गुडघ्याला लावायचं मलम आणि चेहऱ्याला लावायचं क्रीमही होतं. मी मुद्रितं तपासून पोट भरते. याद्या वाचणं हा माझा धंदा आहे, पण आजवर एकीनेही माझं मन इतकं दुखावलं नव्हतं. ज्या क्रीमसाठी मी दुकानात अर्धा अर्धा तास उभी राहते, ते वनखात्याच्या लेखी मुरंब्याच्या शेजारी बसतं.

इंजिनियरकाका निवृत्त आहेत, त्यामुळे त्यांचा सगळा अनुभव मोकळा आहे. ते कुंपणावरून म्हणाले, "त्यात काय एवढं? फेस मारा. डब्यातून फवारायचा, तो फुगतो आणि दहा मिनिटांत दगड होतो."

मी फेस मारला. तो फुगला. किती फुगेल हे डब्यावर लिहिलं होतं, पण ते मी नंतर वाचलं. टेबलाखालच्या भोकातून तो वर आला, खण त्याने आतून पक्का केला, आणि त्या खणात माझ्या मोटारीच्या किल्ल्या होत्या. काकांनी येऊन खणावर टिचकी मारून पाहिली.

"फेस उत्तम प्रतीचा निघाला," ते म्हणाले.

किल्ल्या करवतीने काढल्या. चौथ्या दिवशी पाहिलं, तर उंदराने फेसातून नवा, नेटका, गोल रस्ता काढलेला. मूळ भोकापेक्षा त्याचा आकार अधिक चांगला होता.

मग वरच्या मजल्यावरच्या मावशी आल्या. "फेसबीस काही नको गं. पुदिन्याचं तेल. उंदराला तो वास अजिबात सहन होत नाही. कापसाचे बोळे भिजव आणि कोपऱ्याकोपऱ्यात ठेव." मी ठेवले. दोन दिवसांनी बोळे नाहीसे झाले. ते बाकाखाली सापडले, पिंजून, गोल रचून, गादी करून. वास खरोखर छान येत होता. इतक्या सुगंधी अंथरुणावर मी स्वतः कधी झोपलेले नाही.

शेवटी हार्डवेअरच्या दुकानदारांनी मला खाली बसवून समजावलं. "ताई, उंदराचे दात वाढतच राहतात. कुरतडणं हा त्याचा छंद नाही, त्याची गरज आहे. तो फेस खाईल, लाकूड खाईल, रबर खाईल. तार खाणार नाही. भांडी घासायची तारेची घासणी घ्या, भोकात ठासून भरा आणि वरून नळीतल्या सीलच्या लेपाने बंद करा. हवेच्या झडपांना बारीक जाळी लावा."

मी तीस घासण्या मागितल्या. मागच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "घरी भांडी फार आहेत का?" मी पैसे मोजले. काही प्रश्न माणसाने गिळायचे असतात.

बाहेरून दिसणारी भोकं बुजवली. पण आतल्या फटींचं काय? वायर जिथून येते तिथली, पाण्याची नळी जिथून जाते तिथली. त्यासाठी मी स्वतः एक युक्ती काढली आणि मला तिचा अजूनही अभिमान आहे. भर दुपारी आत जायचं, दार लावायचं, खिडक्यांवर जाड चादरी ठोकायच्या आणि काळोखात बसून राहायचं. जिथून उजेड येईल, तिथे भोक. मी असे चार दिवस, रोज तासभर बसले. एकेक ठिपका दिसला की खडूने खूण करायची. नऊ सापडले.

पाचव्या दिवशी वरच्या मावशी झाकलेली वाटी घेऊन आल्या आणि माझा हात हातात घेऊन बसल्या. म्हणाल्या, "मी वरून बघते रोज. बाबांच्या गाडीत एकटीच अंधार करून बसतेस. रडून घे गं. पण कुणाला तरी बरोबर घेऊन रड."

"मावशी, मी भोकं शोधते."

"हो गं हो," त्या माझा हात थोपटत म्हणाल्या. "असंच म्हणायचं."

त्यानंतर कोपऱ्यावरची शिवणाची बाई, टपालवाले आणि दोन जवळजवळ अनोळखी माणसं माझ्याशी हलक्या आवाजात बोलू लागली. खरं दुःख मी आठ महिने कुणाला दिसू दिलं नव्हतं. ते शेवटी सगळ्यांना दिसलं, तेही नळीभोवतीची फट शोधताना. याला न्याय म्हणत नाहीत.

भोकांनंतर अन्न. यादी हातात घेऊन मी ट्रेलरमधली प्रत्येक वस्तू तपासली. सांडलेली साखर ब्रशने काढली, शेगडी उचलून खालचे कण पुसले, गोळा झालेलं मीठ, विसरलेली चहापत्ती, साबण, सगळं घरात आणलं. वरच्या कपाटात बाबांचे डबे होते. बाबांना प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची सवय होती, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात: 'खिळे, बारीक'. 'स्क्रू, मिश्र'. 'वॉशर, पाऊण इंच'. घरात लहानपणापासून एक रीत होती, की बाबांनी चिठ्ठी लावली म्हणजे उघडून बघायचं नाही. बघणं म्हणजे त्यांच्या शब्दावर शंका घेणं. मी डब्यांची झाकणं पुसली आणि डबे होते तिथेच राहू दिले. दिवसभर दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका शोधणाऱ्या मी त्या तीन चिठ्ठ्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवला.

दुसऱ्या तपासणीला बाई आल्या. पेन्सिल तेवीस ठिकाणी अडली. मी काकांकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली. मग बाईंनी बाकाखाली टॉर्च मारला.

"ताज्या आहेत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"लेंड्या."

मी वाकून पाहिलं. ताज्या होत्या. याबाबतीत त्यांच्याशी वाद घालण्याइतका माझा अभ्यास नव्हता.

"एक भोक राहिलंय कुठेतरी," बाई म्हणाल्या, "पण तो खरा मुद्दा नाही. उंदीर एवढा त्रास उगीच घेत नाही. आत खायला काहीतरी आहे, आणि ते रोज मिळतंय."

"आत कण नाही. मी स्वतः पाहिलंय."

"सगळे असंच म्हणतात," त्या म्हणाल्या, पण खोचकपणे नाही. "पुढच्या गुरुवारी शेवटची तपासणी."

आई दारात उभी होती. ती आत गेली. त्या दिवशी तिने जेवणाचा फॉर्म अर्धाच भरला.

मी आता हट्टाला पेटले. काकांचा सल्ला असा, की जमिनीवर पीठ पसरा, पावलं उमटतील, रस्ता कळेल. मी पीठ पसरलं आणि उंदराने ते खाल्लं. काका म्हणाले, "मग टाल्कम पावडर." तीही यादीत अन्न म्हणून होती की नाही ते मी मुद्दाम पाहिलं नाही. सोमवारी दुपारी मी दारापासून शेगडीपर्यंत पावडरचा पातळ, एकसारखा थर दिला, दार लावलं आणि कामाला गेले.

संध्याकाळी दार उघडलं. शेगडीमागच्या गॅसनळीपाशी बारीक पावलांची रांग होती: राहिलेलं भोक ते. ती रांग बाकावरून चढून वरच्या कपाटाकडे गेली होती. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. पण पावडरीत दुसरेही ठसे होते. सपातांचे. दारापासून कपाटापर्यंत आणि परत. लहान माप, आणि डाव्या पायाचा ठसा उजव्यापेक्षा पुसट, कारण त्या गुडघ्यावर भार टाकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी बाकावर चढून 'वॉशर, पाऊण इंच' खाली काढला. प्लास्टिकचा डबा, मागच्या बाजूने तळाशी कुरतडलेला. आत बेदाणे, शेंगदाणे आणि बिस्किटं होती. बिस्किटं ताजी होती.

आई गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिने आधी डब्याकडे आणि मग माझ्या पायांकडे पाहिलं. पावडर दारापासून तिच्यापर्यंत आली होती.

"पाय पुसून यायचं होतंस," ती म्हणाली.

"आई, हे काय आहे?"

"त्यांचा खाऊ." तिने उशीच्या अभ्र्याची घडी नीट केली. "साखरेचा आजार निघाला तेव्हापासून लपवून ठेवायचे. मला कळू नये म्हणून वॉशर लिहिलं. मला काय, पहिल्याच आठवड्यात कळलं. वॉशर कधी खुळखुळल्याशिवाय राहतात का?"

"मग तू बोलली नाहीस?"

"बोलून काय? तिथून काढले असते, दुसरीकडे ठेवले असते. मी आपली दर सोमवारी गोड बिस्किटं काढून बिनसाखरेची ठेवायचे. अकरा वर्षं."

"त्यांना कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? चव समजत नव्हती का त्यांना? पण विचारायचं म्हणजे आधी कबूल करावं लागलं असतं." ती किंचित हसली. मग तिने पुढचा कपडा घेतला. "ते गेले, त्यानंतर मी एकदा आत गेले. डबा काढला, तर रिकामा. मला माहीत होतं गं, उंदीर आहे ते. मी काही भ्रमिष्ट झालेली नाही."

"तसं मी म्हणत नाही."

"रिकामा डबा बघवेना. भरला. पुढच्या सोमवारी परत रिकामा." तिने हातातला कपडा गठ्ठ्यावर ठेवला. "कुणीतरी खात होतं."

मी खुर्ची ओढून बसले. मी एक महिना ज्याच्याशी लढत होते, त्याची रसद आमच्याच घरातून जात होती, आणि मला रागावायचंही सुचेना.

"मग राहू दे," मी म्हणाले. "नाही गेलो तळ्यावर तर नाही गेलो. डबा राहू दे."

"का म्हणून?" आई एकदम म्हणाली. आठ महिन्यांत तिचा आवाज एवढा चढला नव्हता. "मला जायचंय. मी सांगितलंय तुला. डबा आणि तळं दोन्ही होणार नाही, एवढं कळतं मला. मंगळवार, बुधवार आहेत अजून. उंदराला बाहेर कसं काढायचं ते बघ. तो आत असताना भोक बुजवू नकोस. मरेल बिचारा."

बुधवारी दुपारी आईने डबा स्वतः उचलून ट्रेलरपासून वीस पावलांवर, कुंपणाच्या झुडपाखाली नेऊन ठेवला, झाकण काढून. मी ट्रेलरच्या मागे गॅसनळीपाशी एका हातात घासणी आणि दुसऱ्या हातात सीलची नळी घेऊन उकिडवी बसले. काका कुंपणापलीकडे वाकले होते. वरच्या मावशी खिडकीत होत्या. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण त्या आपणहून गप्प होत्या.

पाऊण तास गेला. माझ्या पायांना मुंग्या आल्या.

"हवेची दिशा बरोबर आहे," काका कुजबुजले.

"काका, कृपा करून."

आणि तो आला. भोकातून आधी नाक, मग मिशा, मग बाकीचा तो. मी मनात रंगवला होता त्याच्या निम्म्याने लहान. तो माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला, त्याने मला नीट पाहून घेतलं, आणि त्याच्या दृष्टीने माझ्यात दखल घेण्यासारखं काही नसावं, कारण तो घाई न करता गवतातून झुडपाकडे गेला.

"भर! भर!" वरून मावशी ओरडल्या. "गेला तो! भर लवकर!"

मी भरली. चार मिनिटांत घासणी आत, वरून सील. उठले, तेव्हा पाय बधिर झाल्याने मी तशीच काकांच्या गुलाबात बसले. काकांनी गुलाबाबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांचा एवढा मोठेपणा मी तरी प्रथमच पाहिला.

आई झुडपापासून चार हातांवर उभी होती. उंदीर बेदाणे नेत होता. तिने ते बराच वेळ पाहिलं. नंतर ती आत गेली, आणि तिने 'खिळे, बारीक' व 'स्क्रू, मिश्र' हे दोन्ही डबेही आणून गवतावर उपडे केले. खिळ्यांच्या डब्यात खिळेच होते, स्क्रूंच्या डब्यात स्क्रूच. ते आम्हाला वेचत बसावं लागलं.

गुरुवारी तपासनीस बाईंनी पेन्सिल चोवीस ठिकाणी लावून पाहिली. एकदाही गेली नाही. बाकाखाली टॉर्च मारला, शेगडी उचलली, कपाटं उघडली.

"खाण्याचं काही आत?" त्यांनी विचारलं. विचारलं मला, पण उत्तर आईने दिलं.

"नाही. आता काही नाही."

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि सही केली.

तळ्यावर आम्ही तीन दिवसांनी पोहोचलो. पाणी, झाडं, डोंगर सगळं जागच्या जागी होतं. त्याचं वर्णन मी करत नाही, कारण मला ते बघायला वेळच मिळाला नाही. नियमाप्रमाणे मी आमचं सगळं अन्न, साबण आणि अर्थातच क्रीम, ट्रेलरपासून शंभर पावलांवरच्या लोखंडी पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. खट असा आवाज झाला. पेटी अस्वलांना उघडता येऊ नये अशी बनवलेली होती. थोड्याच वेळात सिद्ध झालं, की मुद्रिततपासनिसांनाही ती उघडता येत नाही.

खाचेत हात घालून खटका वर दाबायचा, असं शेजारच्या फलकावर लिहिलं होतं. मी दाबला. मग खाली दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला. मग फलक पुन्हा वाचला. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या मनातल्या मनात दुरुस्त केल्या, तरी पेटी उघडली नाही. दुपार टळली. मी पेटीवर बसून विचार केला, गुडघे टेकून विचार केला, आणि एकदा, कुणी बघत नाही असं पाहून, तिला लाथही मारली.

आई ट्रेलरच्या पायरीवर बसून हे सगळं बघत होती. ती उठली, शंभर पावलं चालत आली, आणि पेटीवर तळहाताने धाड धाड थापा मारत वनरक्षकाच्या चौकीच्या दिशेने ओरडली,

"अहो! कुणी आहे का तिकडे? लवकर या हो! मला भूक लागलीय!"

तिचा आवाज तळ्यावरून पलीकडे जाऊन परत आला. वनरक्षक हातात काठी घेऊन धावतच आले. "काय झालं? अस्वल आलं?"

"नाही," मी म्हणाले. "माझ्या आईला भूक लागलीय."

एवढंच कारण आहे का, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी हे सांगताना रडते कशाला, हे तर त्यांना अजिबातच कळेना. त्यांनी खाचेत हात घालून एका बोटाने पेटी उघडली.